खंडोबाचं कुत्रं, दत्ताचं कुत्रं



आजच्या विषयाची पाटी बाहेर लागली तेव्हा दोन-तीन ओळखीच्यांनी आम्हाला थांबवून विचारलं, "कुत्र्यांवर व्याख्यान? आणि तेही इतिहासाचं?" त्यांचं बरोबरच आहे. अक्कलकोटात इतिहासावर बोलायचं म्हटलं की लोकांना राजवाडा आठवतो, त्यातलं शस्त्रागार आठवतं, फत्तेसिंह भोसले आठवतात आणि वटवृक्षाखालचे स्वामी आठवतात. कुत्रं यात कुठं आलं? आम्हालाही हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी पडला नसता. पण घरात बिजली आली आणि तिच्यामुळे आम्हाला पुस्तकं उघडावी लागली.

बिजली ही कारवानी जातीची कुत्री, थोडी मिसळ असलेली. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट. सीमेपलीकडच्या एका शेतातून पिल्लू असताना आणली. घरात गाईसारखी गरीब. पण पट्टा लावून रस्त्यावर काढली आणि समोरून दुसरं कुत्रं आलं की अंगात काहीतरी संचारल्यासारखी मागच्या पायांवर उभी राहून भुंकायची, पट्ट्याला हिसके द्यायची. एका गुरुवारी, दर्शनाच्या गर्दीत, तिनं असाच हिसका दिला. पट्टा आमच्या हातातून सुटला आणि शेजारच्या काकू त्यात अडकून पडल्या. मनगट मुरगळलं. काकूंनी आम्हाला एक शब्दही लावला नाही. पण संध्याकाळी चार माणसं ओट्यावर जमली आणि सल्ला एकच होता, "गाडीत घाला आणि लांब कुठंतरी सोडून या. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच."

कुत्र्याला वर्गात घालायचं का, घातलं तर कुठल्या, आणि तिथं नेमकं काय शिकवतात, या प्रश्नांची उत्तरं शोधताना आमच्या लक्षात आलं की वर्गातल्या प्रत्येक रीतीला मागे एक इतिहास आहे. त्यातला काही जर्मनीतला, काही रशियातला आणि बराचसा आपल्या दख्खनमधला. तो आज सांगायचा आहे.

दोन देव, दोन कुत्री

सुरुवात देवघरापासून करू. आपल्याकडच्या देवांमध्ये कुत्रं दोन ठिकाणी ठळक दिसतं. एक दत्ताच्या पायाशी आणि एक खंडोबाच्या घोड्याशेजारी.

दत्ताची चार कुत्री म्हणजे चार वेद, असा अर्थ परंपरेनं लावलाय. अर्थ बाजूला ठेवून नुसतं चित्र बघा. छापील तसबिरींनी हे चित्र घरोघर नेलं, तुमच्याही घरात असेल. चार कुत्री आहेत, मागे गाय आहे, आणि कुणाच्या गळ्यात पट्टा नाही. चारही एकमेकांच्या जवळ, स्वस्थ. कुणी कुणावर गुरगुरत नाही. अक्कलकोट हे दत्त संप्रदायाचं गाव. स्वामी समर्थांना दत्तावतार मानलं जातं. १८७८ साली त्यांनी देह ठेवला, त्याआधी वीसेक वर्षं ते इथे होते. म्हणजे शांत कुत्र्याचं चित्र आपल्या गावाच्या रोजच्या नजरेत आहे.

आता खंडोबा. सोलापूरजवळ बाळ्याचा खंडोबा आहे, पलीकडे नळदुर्ग-अणदूरचा. त्याचं कुत्रं बसलेलं नसतं. ते घोड्याबरोबर पळतं, शत्रूवर जातं. खंडोबाचे भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतात, म्हणजे देवाचं कुत्रं. पूर्वी काही वाघे देवासमोर कुत्र्यासारखे भुंकायचे, कोटंब्यातला प्रसाद कुत्र्यासारखा खायचे. हे कमीपणाचं मानलं जात नव्हतं, ती निष्ठेची खूण होती. खंडोबा हा धनगरांचा, शेतकऱ्यांचा, लढणाऱ्यांचा देव. त्याच्याकडे भुंकणं हा गुण आहे.

हे दोन देव लक्षात ठेवा. कारण आमचा मुद्दा असा आहे: आपण शेकडो वर्षं खंडोबाचं कुत्रं वाढवलं, आणि आता अचानक त्याच्याकडून दत्ताच्या कुत्र्यासारखं वागण्याची अपेक्षा करतोय.

राजाचा विनोद आणि शाहूंचा खंड्या

कुत्र्यांवरचं आपल्या भागातलं जुनं लिखाण शोधायला फार लांब जावं लागत नाही. इथून शंभरेक किलोमीटरवर बसवकल्याण आहे, जुनं कल्याणी. तिथला चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीचा अभ्यास करणारे हा ग्रंथ वेगळ्या कारणानं ओळखतात, कारण त्यात जुन्या मराठीचे काही तुकडे सापडतात. पण त्याच ग्रंथात राजाचे वीस विनोद सांगितलेत. विनोद म्हणजे करमणूक. हत्ती, घोडे, मल्ल, कोंबडे, मेंढे, ससाणे यांच्या जोडीला एक 'सारमेय-विनोद' आहे. सारमेय म्हणजे कुत्रा, ऋग्वेदातल्या सरमा नावाच्या कुत्रीची संतती. तिथे कुत्रं कशासाठी आहे? शिकारीसाठी. चांगलं कुत्रं म्हणजे सावज दिसताच सुटणारं कुत्रं. नऊशे वर्षांपूर्वी याच प्रदेशात राजानं कुत्र्याची ही व्याख्या लिहून ठेवली.

त्या व्याख्येचा वारसा आजही आपल्या आसपास जिवंत आहे. बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. तिथल्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी या शिकारी जातीकडे लक्ष दिलं आणि ती जोपासली, त्यातली जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली. म्हणून आज जग तिला मुधोळ हाउंड म्हणतं, आपल्याकडे लोक कारवानी म्हणतात. २००५ साली टपाल खात्यानं चार भारतीय जातींची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होती. २०१६ मध्ये मुधोळची पिल्लं मेरठला लष्कराच्या केंद्रात शिकायला गेली. ही कुत्री नाकापेक्षा डोळ्यानं शिकार करतात. लांबवर काही हललं की त्यांचं सगळं शरीर तिकडे वळतं. आमच्या बिजलीचं तेच होतं. आम्हाला तो दोष वाटत होता. सोमेश्वराला तो गुण वाटला असता.

आता अक्कलकोटशी सरळ नातं असलेली गोष्ट. आपल्या संस्थानाचा मूळ पुरुष फत्तेसिंह. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या छावणीतून सुटून येत असताना पारद गावच्या चकमकीत पाटील मारला गेला. त्याच्या विधवेनं आपलं मूल शाहूंच्या पायांवर घातलं. शाहूंनी ते सांभाळलं, पहिला विजय म्हणून नाव ठेवलं फत्तेसिंह. पुढे अक्कलकोट त्याच्याकडे आलं. हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे.

पण त्याच शाहूंच्या दरबारात आणखी एक लाडकं होतं, खंड्या नावाचं कुत्रं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, त्याची समाधी आजही दाखवतात. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं, असं सांगतात. ग्रँट डफनं १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात शाहूंच्या या कुत्र्याची हकिकत दिलीय. भरजरी झूल, अंगावर दागिने, डोक्यावर महाराजांची स्वतःची पगडी, नावावर जहागीर आणि पालखीचा मान. डफला हा विक्षिप्तपणा वाटला. आम्हाला त्यात वेगळं काही दिसतं. ज्या माणसाचं बालपण आणि तारुण्य शत्रूच्या छावणीत गेलं, त्याला आपल्या बाजूनं न विचारता धावून येणाऱ्या प्राण्याची किंमत कळत असणार. खंड्या हे खंडोबाचं कुत्रं. त्याला भर दरबारात शांत बसायला लागत असेल तर ते पगडीच्या वजनानं, शिकवणीनं नव्हे.

राजे सोडा, धनगरांकडे बघा. सोलापूरच्या उत्तरेला नान्नजचं माळरान आहे, माळढोक अभयारण्याचं. तिथे आजही लांडगे आहेत आणि मेंढरंही आहेत. रात्री वाड्यापाशी अनोळखी कुत्रं किंवा लांडगा आला आणि धनगराचं कुत्रं गप्प राहिलं, तर सकाळी मेंढरू कमी. म्हणजे परक्या कुत्र्यावर तुटून पडणं ही त्याची नोकरी होती. भुंकेल तेच पिल्लू ठेवायचं, गप्प राहील ते कुणाला तरी द्यायचं. अशी निवड कितीतरी पिढ्या चालली. मग आपण ते कुत्रं उचललं, अडीच मीटरच्या पट्ट्याला बांधलं आणि गर्दीच्या रस्त्यावर आणून म्हटलं, "गप्प बस."

हाड्, छू आणि यू यू

इथे भाषेकडे एकदा बघू. कुत्र्याशी बोलायला मराठीत आपल्याजवळ शब्द किती? पिल्लाला बोलवायला "यू यू". हाकलायला "हाड्". अंगावर सोडायला "छू". जवळ ये, लांब जा, तुटून पड. "थांब, बघ, आणि काही करू नको" याला शब्दच नाही. कारण ती गरजच नव्हती. कुत्रं मोकळं होतं. दुसरं कुत्रं आवडलं नाही तर ते वळसा घालून जायचं. गावातली कुत्री बघा, समोरासमोर सरळ कधी येत नाहीत. कमानीसारखं वळण घेतात, तोंड फिरवतात, जमीन हुंगतात. हा त्यांचा शिष्टाचार आहे. पट्टा आला आणि वळसा संपला. अरुंद गल्लीत दोन कुत्र्यांना आपण नाकासमोर नाक आणतो. पळता येत नाही, वळता येत नाही. मग उरतं ते भुंकणं.

अशा कुत्र्याला इंग्रजीत रिअॅक्टिव्ह म्हणतात. आम्ही बिथरणारं कुत्रं म्हणतो. आक्रमक आणि बिथरणारं यात फरक आहे. बऱ्याच वेळा बिथरणारं कुत्रं घाबरलेलं असतं, कधी नुसतं उतावीळ असतं, पण त्याचा आवाज एकच. "भुंकणारं कुत्रं चावत नाही" ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. तिच्यात एक खरी गोष्ट आहे: भुंकणं हा इशारा असतो. हा इशारा मारून टाकला तर काय होतं, ते पुढे सांगतो.

रांगेतला वर्ग

आता वर्गाकडे. कुत्र्यांना पद्धतशीर शिकवणं युरोपात पोलिसांनी सुरू केलं. १८९९ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात पोलिसांचं श्वानपथक निघालं. जर्मनीत कोनराड मोस्ट नावाच्या पोलीस अधिकाऱ्यानं १९१० साली कुत्रा शिकवण्यावर पुस्तक लिहिलं. मोस्ट हुशार होता. वागणूक तिच्या परिणामांतून घडते हे त्यानं ओळखलं होतं. पण त्याच्या हातात काटेरी पट्टा आणि छडीही होती. पुढे महायुद्ध आलं आणि कवायतीच्या मैदानावरची ही रीत पसरली.

सामान्य माणसासाठी सामूहिक वर्ग अमेरिकेत आला. १९३३ मध्ये हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी न्यूयॉर्कजवळ आज्ञापालनाची पहिली स्पर्धा भरवली. त्यांच्याकडे पूडल होती आणि लोक म्हणायचे ही नुसती शोभेची कुत्री. त्यांना दाखवून द्यायचं होतं की ती शिकू शकतात. ब्लँच सॉन्डर्स या त्यांच्या सहकारी. १९३७ मध्ये दोघी गाडीला फिरतं घर जोडून गावोगाव हे दाखवत फिरल्या. त्यातून वर्ग रुजले. माणसं कुत्री घेऊन गोल उभी राहतात, मधोमध शिक्षक, एका हुकमासरशी सगळे चालतात, सगळे थांबतात. आजही बहुतेक ठिकाणी वर्ग असाच असतो.

या गोलात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याशेजारी उभं राहता येतं. ज्याला तेच येत नाही त्याच्यासाठी हा गोल म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलण्यासारखा.

त्यात एका गैरसमजाची भर पडली. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यानं प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका आवारात कोंडलेले, साहजिकच भांडायचे. त्यातून 'म्होरक्या लांडगा' ही कल्पना पुढे आली. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानं ती जगभर नेली. शिकवणारे म्हणू लागले, मालकानं म्होरक्या व्हायचं, कुत्र्याला दाबायचं. पुढे मेक स्वतः रानातले लांडगे बघत राहिले आणि १९९९ मध्ये त्यांनी लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पिल्लं. आपली जुनी मांडणी चुकली हे या माणसानं जाहीरपणे मान्य केलं. अभ्यासकाचा हा मोठेपणा. पण म्होरक्याची गोष्ट वर्गांमधून अजून गेलेली नाही.

आम्ही बिजलीला पहिल्यांदा ज्या वर्गात नेलं तो असाच होता. कुठला ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही, असे पुष्कळ आहेत. बारा कुत्री गोल करून उभी. बिजली भुंकली की साखळीला झटका. दुसऱ्या रविवारी ती कमी भुंकली, आम्ही खूश. तिसऱ्या रविवारी गाडीतून उतरताना थरथरायला लागली. चौथ्या रविवारी समोर कुत्रं आलं, ती अजिबात भुंकली नाही, गुरगुरलीही नाही, आणि सरळ वळून आमच्याच पायाला तोंड घातलं. पँट फाटली, रक्त आलं नाही. पण आम्हाला कळलं की आपण तिचं भुंकणं काढलं, भीती तशीच ठेवली. घंटा काढून टाकली आणि आग आत जळत राहिली. त्या रात्री घरात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "लोक म्हणतात तसं करायचं का?" आम्ही काही उत्तर दिलं नाही.

१९२४ सालच्या दोन गोष्टी

बिथरणाऱ्या कुत्र्यांच्या इतिहासात एक साल आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. १९२४. त्या साली जगाच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या.

पहिली लेनिनग्राडला. पावलोव्हचं नाव सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं. घंटा आणि लाळ. त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी. कुत्र्यांच्या शिकण्यावरचं काम नंतर वाढत गेलं. सप्टेंबर १९२४ मध्ये शहरात मोठा पूर आला. प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली, पाणी त्यांच्या नाकापर्यंत चढलं. माणसांनी पोहत जाऊन ती बाहेर काढली. जीव वाचले. पण काही कुत्री महिनोन्‌महिने शिकलेलं विसरून गेली. त्यातल्या एकाच्या खोलीत नुसतं थोडं पाणी सोडलं तरी ते बिथरायचं. पावलोव्हनं हे नोंदवलं. भीती एका रात्रीत आत येते आणि शिकवणीच्या वर जाऊन बसते, हे तिथे दिसलं.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कमधली. मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेकडे पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा होता. तो सशाला घाबरायचा. जोन्सबाईंनी काय केलं? पीटरला खुर्चीत बसवून आवडीचं खायला दिलं आणि पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. इतक्या लांब की पीटरचं खाणं थांबणार नाही. मग दिवसेंदिवस पिंजरा थोडा जवळ. मुलगा घाबरला की परत मागे. सशाला न भिणारी दुसरी मुलंही त्यांनी मध्येमध्ये तिथे खेळायला आणली. शेवटी पीटर सशाला हातानं कुरवाळू लागला. हे काम १९२४ साली प्रसिद्ध झालं. पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी माणसांच्या भीतीवरच्या उपचारांचं मोठं शास्त्र मांडलं, तेही याच वाटेवरचं.

म्हणजे एकाच साली भीती कशी येते ते लेनिनग्राडला दिसलं आणि ती कशी जाते ते न्यूयॉर्कला. बिथरणाऱ्या कुत्र्यांचे आजचे चांगले वर्ग बघितले तर त्यांची रीत कवायतीच्या मैदानावरून आलेली नाही. ती पीटरच्या खुर्चीपासून आलीय.

मैदानावर

दुसरा वर्ग सोलापुरात मिळाला. इथून चाळीसेक किलोमीटर, रविवारी सकाळी. पहिल्या दिवशी ताईंनी सांगितलं, "कुत्रं आणू नका, तुम्हीच या." आम्हाला गंमत वाटली. मैदानावर चार घरांतली माणसं, आणि आम्हाला शिकवलं काय, तर पट्टा धरायला. आपण समोर कुत्रं दिसलं की श्वास रोखतो आणि पट्टा आवळतो. कुत्र्याला तो आवळ कळतो आणि वाटतं, आलं संकट. म्हणून पट्टा सैल ठेवायचा सराव, एकमेकांना पट्टा बांधून. पन्नाशीची माणसं एकमेकांना ओढत मैदानात फिरतायत, हे दृश्य बघायला कडेला पोरं जमली होती.

दुसऱ्या रविवारपासून कुत्री. चारच. बारा नाहीत. प्रत्येकाला गाडीच्या आडोशाला किंवा दोरीवर टाकलेल्या चादरीमागे जागा. एका वेळी एकच कुत्रं मोकळ्या जागेत. ताई एक शब्द सारखा वापरायच्या, "उंबरठा." प्रत्येक कुत्र्याचा एक उंबरठा असतो, पावलांत मोजता येणारा. त्याच्या अलीकडे कुत्रं दुसऱ्याला बघतं आणि तरी खाऊ घेतं. पलीकडे गेलं की खाऊ तोंडाजवळ धरला तरी त्याला दिसत नाही. शिकणं उंबरठ्याच्या अलीकडेच होतं. बिजलीचा उंबरठा पहिल्या दिवशी चाळीस पावलांवर निघाला.

काम इतकंच: चाळीस पावलांवर पडद्यामागून एक म्हातारा लॅब्रॅडोर यायचा. बिजलीनं त्याला बघितलं की लगेच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. लॅब्रॅडोर पडद्याआड गेला की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा, आधी कुत्रं दिसलं पाहिजे, मग खाऊ. तिसऱ्या आठवड्यात तिनं कुत्रं बघितलं आणि आपणहून आमच्या तोंडाकडे वळली, "दिसलं, आता द्या." तो क्षण आम्ही विसरणार नाही. नऊशे वर्षांच्या शिकारी डोळ्यानं सावज बघितलं आणि परत मालकाकडे बघितलं.

सगळं सरळ चढत गेलं असं नाही. पाचव्या आठवड्यात उंबरठा एकदम पन्नास पावलांवर गेला. आदल्या रात्री गल्लीत वरात होती, फटाके झाले होते. ताई म्हणाल्या, "ताण साठतो. आज फक्त चालवा आणि घरी जा." आम्ही चाळीस किलोमीटर येऊन दहा मिनिटांत परत गेलो. आम्हाला राग आला होता, तिच्यावर नाही, वरातीवरही नाही, आपल्याच घाईवर. तोंडाला जाळी घालायलाही तिथेच शिकवलं, आधी जाळीत खाऊ, मग नाक, मग पट्टी, दोन आठवडे घेऊन. जाळी ही शिक्षा नव्हे, ती शेजाऱ्यांना दिलेली हमी आहे.

आठव्या रविवारी बिजली पंधरा पावलांवरून दोन कुत्र्यांच्या समांतर चालली. भुंकली एकदा. वर्ग संपला.

आठ आण्यांचं कुत्रं

हे सगळं एका पाळीव कुत्रीपुरतं, असं कुणी म्हणेल. म्हणून शेवटी थोडं मोठं चित्र. ६ जून १८३२ ला मुंबईत दंगल झाली होती. रस्त्यावरची कुत्री मारायची, एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस, असा सरकारचा हुकूम होता. आठ आण्यांसाठी शिपाई घरांत शिरून पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र मानतात, मृत्यूच्या विधीतही त्याला स्थान आहे. पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतरांनीही साथ दिली, दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिले, किल्ल्यातल्या गोऱ्यांना खाणं-पाणी मिळेना. त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईत पांजरपोळ काढला.

१९३ वर्षांनंतर, ऑगस्ट २०२५ मध्ये, हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर होता. आधी दिल्ली परिसरातली भटकी कुत्री निवाऱ्यांत कोंडण्याचा आदेश झाला. मग २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या खंडपीठानं तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायची, अपवाद रेबीजच्या आणि आक्रमक कुत्र्यांचा. रेबीज तपासता येतो. पण आक्रमक कोण, हे कोण ठरवणार? पट्ट्याच्या टोकाला ओरडणारी बिजली त्या गुरुवारी कुणालाही आक्रमकच वाटली असती. चाव्याची भीती खोटी नाही, लहान मुलांचे जीव जातात, ते विसरून चालणार नाही. म्हणूनच घाबरलेलं कुत्रं आणि घातक कुत्रं यातला फरक ओळखायला शिकणं हा प्राणिप्रेमाचा लाड नाही, ते नागरिकाचं काम आहे.

आणि शिकलेलं कुत्रं काय करू शकतं ते आपल्या राज्यानं बघितलंय. मुंबई पोलिसांचा झंजीर, पुण्यात शिकलेला लॅब्रॅडोर. १९९३ च्या स्फोटांनंतर त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी मानवंदना दिली. शाहूंच्या खंड्यानंतर इतका मान मिळालेलं कुत्रं आमच्या तरी आठवणीत नाही.

वेळ झाली, थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर एखादा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून प्रश्न: मग शेपूट सरळ झालं का शेवटी?)

नाही झालं. गुरुवारी आणि उत्सवात आम्ही बिजलीला अजूनही बाहेर काढत नाही. पहाटे पाचला माळावर नेतो. अरुंद गल्लीत समोर कुत्रं आलं तर आम्ही मागे वळतो, आणि त्याची आता लाज वाटत नाही. ती दत्ताचं कुत्रं झालेली नाही, होणारही नाही. आमच्या लक्षात इतकंच आलं की म्हणीत दोष शेपटाचा नाही. शेपूट वाकडंच असतं. त्याला नळीत घालायला कुणी सांगितलं होतं?

आणि शेजारच्या काकू आज इथे पुढच्या रांगेत बसल्यात. त्यांनी येण्यापूर्वी आम्हाला बजावलं होतं की माझं नाव घ्यायचं नाही. घेतलेलं नाही. पण सकाळी आम्ही फाटक उघडायच्या आधी ओट्यावरून हाक येते, "थांबा, ते पांढरं कुत्रं अजून कोपऱ्यावर आहे." ही हाक कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत.